पल्ल्याचा ध्यास : जपानी युद्धनौकांच्या महातोफा

युद्धनौकेवरच्या तोफेची थोरवी सहसा तिच्या तोंडाच्या व्यासावरून सांगितली जाते, आणि जपानी आरमाराचा इतिहासही बहुधा याच आकड्यांच्या चढत्या भाजणीने मांडला जातो : १८९७ मध्ये १२ इंच, १९१३ मध्ये १४ इंच, १९२० मध्ये ४१ सेंटिमीटर आणि १९४१ मध्ये ४६ सेंटिमीटर. हे आकडे खरे असले तरी त्यांतून निम्मीच हकिकत कळते. नळी ओतणे व कातणे हे काम कितीही अवघड असले, तरी तोफ म्हणजे तिच्यात जळणारी दारू, गोळ्यातील स्फोटक, ते नेमक्या क्षणी पेटवणारा फ्यूज, चिलखत भेदणारे पोलाद आणि लक्ष्याचे अंतर मोजणारी यंत्रे यांचा मेळ असतो. त्यातला एक दुवा कच्चा राहिला तर बाकीचे सारे फुकट जाते. जपानने हे पुस्तकातून शिकण्याऐवजी पुष्कळदा स्वतःच्याच जहाजांवर झालेल्या स्फोटांतून शिकून घेतले.

पुढील विवेचनात ‘कॅलिबर’ हा शब्द वारंवार येणार असल्याने त्याचा अर्थ आधी स्पष्ट केलेला बरा. नळीच्या पोकळीच्या व्यासाला कॅलिबर म्हणतात, पण मोठ्या तोफांच्या बाबतीत नळीची लांबीही याच मापाने सांगण्याची रीत आहे. म्हणजे ‘४५ कॅलिबरची १४ इंची तोफ’ याचा अर्थ तिची नळी व्यासाच्या ४५ पट, सुमारे १६ मीटर लांब. नळी जितकी लांब तितका जळत्या दारूचा वायू गोळ्याला अधिक वेळ रेटतो आणि गोळा अधिक वेगाने बाहेर पडतो. मात्र लांब नळी स्वतःच्या भाराने किंचित वाकते, गोळा बाहेर पडताना थरथरते आणि त्यामुळे नेम विस्कटतो, म्हणून लांबी हवी तितकी वाढवता येत नाही.

नुसत्या व्यासाच्या मोहात पडल्यास काय होते, याचा धडा जपानला अगदी सुरुवातीलाच मिळाला. चीनच्या उत्तर आरमाराकडे जर्मनीत बांधलेल्या ‘डिंगयुआन’ व ‘झेनयुआन’ या दोन चिलखती नौका होत्या आणि त्यांच्यावर ३०.५ सेंटिमीटरच्या तोफा होत्या. तेवढ्या मोठ्या नौका घेण्याइतका पैसा जपानपाशी नव्हता, तेव्हा फ्रेंच नौका-अभियंता एमिल बेर्तँ याच्या आराखड्यानुसार ‘मात्सुशिमा’, ‘इत्सुकुशिमा’ व ‘हाशिदाते’ ही सव्वाचार हजार टनांच्या आसपासची तीन जहाजे बांधण्यात आली आणि प्रत्येकीवर ३२ सेंटिमीटर व्यासाची एकेक कॅने तोफ बसवण्यात आली. कागदावर चिनी तोफांवर मात झाली खरी. प्रत्यक्षात मात्र ही अवजड तोफ बाजूला फिरवली की जहाजच त्या अंगाला कलत असे आणि एक गोळा भरून उडवायला इतका वेळ लागे की १७ सप्टेंबर १८९४ रोजी यालू नदीच्या मुखाजवळ झालेल्या, काही तास चाललेल्या लढाईत या तीनही तोफांनी मिळून जेमतेम डझनभर गोळे डागले. ती लढाई जपानने जिंकली ती लहान व्यासाच्या, भराभर गोळे सोडणाऱ्या तोफांच्या बळावर. तोफ आणि ती पेलणारे जहाज यांचा एकत्र विचार केला पाहिजे, हे तेव्हापासून जपानी आराखड्यांत पक्के झालेले दिसते.

यानंतरचा काळ खरेदीचा. चीनकडून मिळालेल्या युद्धखंडणीच्या आधाराने जपानने ब्रिटिश गोद्यांमध्ये एकामागून एक युद्धनौका बांधून घेतल्या. १८९७ मध्ये पूर्ण झालेल्या ‘फुजी’ व ‘याशिमा’ यांच्यापासून १९०२ मध्ये व्हिकर्स कंपनीकडून मिळालेल्या ‘मिकासा’पर्यंत सर्वांच्या मुख्य तोफा १२ इंची होत्या आणि त्या ब्रिटिश धाटणीच्या होत्या. जपानचे स्वतःचे म्हणावे असे यात दोनच घटक होते, गोळ्यातील स्फोटक आणि फ्यूज. शिमोसे मासाचिका या अभियंत्याने पिक्रिक आम्लापासून केलेली ‘शिमोसे दारू’ साध्या काळ्या दारूपेक्षा कितीतरी प्रखर होती, तर इजुइन गोरो या नौदल अधिकाऱ्याने तयार केलेला फ्यूज इतका संवेदनशील होता की डोलकाठीच्या दोराला गोळा घासला तरी तो पेट घेई. मे १९०५ मधील त्सुशिमाच्या लढाईत या जोडीने रशियन नौकांच्या डेकवर आगीचे लोळ उठवले आणि खलाशांना उभे राहणे अशक्य केले.

याच जोडीची दुसरी बाजू विजयाच्या जल्लोषात मागे पडली. हळवा फ्यूज आणि प्रखर स्फोटक एकत्र आल्यावर गोळा कधीकधी नळीतच फुटत असे. ऑगस्ट १९०४ मधील पीत समुद्राच्या लढाईत जपानच्या एकाहून अधिक १२ इंची तोफा अशा तऱ्हेने निकामी झाल्या. त्सुशिमाला ‘निस्शिन’ या क्रूझरवरील आठ इंची तोफांच्या नळ्या तुटल्या, आणि त्या जहाजावर डाव्या हाताची दोन बोटे गमावलेला एकवीस वर्षांचा ताकानो इसोरोकू पुढे यामामोतो घराण्यात दत्तक जाऊन यामामोतो इसोरोकू या नावाने जगाला माहीत झाला. नौदलातील विमानांचा हा पुरस्कर्ता महाकाय युद्धनौकांच्या बांधणीवर कायम टीका करत राहिला.

दारूचे हे दुखणे तोफेच्या तोंडापुरते नव्हते. त्सुशिमाचे निशाण मिरवणारी ‘मिकासा’ सप्टेंबर १९०५ मध्ये सासेबो बंदरात उभी असताना स्फोट होऊन बुडाली. १९०८ मध्ये ‘मात्सुशिमा’, १९१७ मध्ये ‘त्सुकुबा’, १९१८ मध्ये ‘कावाची’ आणि १९४३ मध्ये ‘मुत्सु’ या नौकाही शत्रू जवळपास नसताना नांगरलेल्या जागी दारूकोठार उडून गेल्या. कारणे प्रत्येक वेळी वेगळी सांगितली गेली, काही कायमची अनिर्णीत राहिली. पण मोठ्या तोफेचा संसार किती जोखमीचा असतो हे समजायला एवढी यादी पुरेशी आहे.

विकत आणलेल्या तोफांवर आरमार किती दिवस चालवायचे, हा प्रश्न रशियाशी झालेल्या युद्धाने ऐरणीवर आणला. १९०५ मध्ये योकोसुका येथे बांधायला घेतलेली ‘सात्सुमा’ मूळ आराखड्याप्रमाणे बारा १२ इंची तोफा घेऊन उतरली असती, तर केवळ एकाच आकाराच्या महातोफा वाहणारी युद्धनौका म्हणून ब्रिटनच्या ‘ड्रेडनॉट’शी तिची बरोबरी झाली असती, पण तेवढ्या तोफा आणि तेवढा पैसा हाताशी नसल्याने तिच्यावर चारच १२ इंची तोफा बसल्या आणि उरलेल्या जागा १० इंची तोफांनी भरून काढाव्या लागल्या. कुरे येथील नौदल शस्त्रागाराची वाढ, १९०७ मध्ये होक्काइदोतील मुरोरान येथे आर्मस्ट्राँग व व्हिकर्स या ब्रिटिश कंपन्यांच्या भागीदारीत निघालेला पोलाद कारखाना आणि हिरात्सुका येथे ब्रिटिश भांडवलावर उभा राहिलेला, पुढे नौदलाने विकत घेतलेला दारू कारखाना ही त्या उणिवेची उत्तरे होती. तोफांच्या इतिहासात या कारखान्यांना लढायांइतके पान मिळत नाही, ही त्या इतिहासाची मोठी उणीव म्हणावी लागेल.

ब्रिटिश विद्येची शेवटची मोठी खरेदी म्हणजे ‘कोंगो’. व्हिकर्सच्या बॅरो येथील गोदीत १९११ मध्ये बांधायला घेतलेली ही नौका ऑगस्ट १९१३ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा तिच्यावरील आठ १४ इंची तोफा जगातील त्या वेळच्या कोणत्याही आधुनिक युद्धनौकेवरील तोफांहून मोठ्या होत्या. जपानी अभियंते व कारागीर बांधणीच्या काळात तेथे मुक्काम ठोकून होते आणि आराखडे हाती आल्यावर ‘हिएई’, ‘हारुना’ व ‘किरिशिमा’ या तिच्या तीन बहिणी जपानातच बांधल्या गेल्या. या व्यवहाराला लाचेचा डागही लागला : सीमेन्स व व्हिकर्स या कंपन्यांकडून नौदलातील अधिकाऱ्यांनी पैसे घेतल्याचे १९१४ मध्ये उघड झाले आणि त्या गदारोळात यामामोतो गोन्नोह्योए यांचे मंत्रिमंडळ कोसळले.

‘कोंगो’च्या तोफेची रचना जवळून पाहण्यासारखी आहे, कारण पुढील जपानी महातोफांचा पाया तीच ठरली. एकाच जाड पोलादी नळीत स्फोट झाला तर आतला थर फाटण्याच्या बेताला येतो, तेव्हा बाहेरच्या थरावर जवळजवळ ताणच नसतो. म्हणून आतल्या नळीभोवती चपट्या पोलादी तारेचे पदरावर पदर घट्ट आवळून गुंडाळले जात, जेणेकरून नळी आधीपासूनच चहूबाजूंनी दाबलेली राहावी. त्यावर तापवून फुगवलेला बाहेरचा नळा चढवला जाई आणि तो थंड होताना आकसून सगळा गठ्ठा एकजीव होई. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवलेली धाव बसवतो, तेच तत्त्व येथे शेकडो पटींनी मोठ्या प्रमाणावर वापरलेले असते. आतल्या नळीत पीळदार खाचा कोरलेल्या असतात. गोळ्याभोवतीचा तांब्याचा पट्टा त्या खाचांत रुतून गोळ्याला गरगर फिरवतो, त्यामुळे तो हवेत कोलांटत नाही. जपानने ही तारगुंडाळी पद्धत इतर राष्ट्रांनी टाकून दिल्यानंतरही अंशतः चालू ठेवली.

स्वतःच्या हिमतीवरचे पहिले मोठे पाऊल ‘नागातो’चे. नोव्हेंबर १९२० मध्ये कुरे येथे पूर्ण झालेल्या या नौकेवर ४१ सेंटिमीटरच्या आठ तोफा होत्या आणि प्रत्येक गोळ्याचे वजन सुमारे एक टन होते. १६ इंच वर्गाची तोफ वाहणारी ती जगातली पहिली आधुनिक युद्धनौका. १९२१ मध्ये तिची जोडीदार ‘मुत्सु’ आली. कुरे येथे ४८ सेंटिमीटरच्या तोफेवर प्रयोग चालू होते आणि ४६ सेंटिमीटरच्या तोफांच्या युद्धनौकांचे आराखडेही तयार होते. पण फेब्रुवारी १९२२ मध्ये झालेल्या वॉशिंग्टन कराराने अमेरिका, ब्रिटन व जपान यांच्या मोठ्या नौकांचे प्रमाण ५ : ५ : ३ असे ठरवले आणि तोफेच्या व्यासावर १६ इंचांची, म्हणजे ४०.६ सेंटिमीटरची, मर्यादा घातली. ‘नागातो’ची तोफ या मर्यादेच्या केसभर पलीकडे जात होती. यावर जपानी नौदलाने काढलेला तोडगा साधा होता : कागदोपत्री तिचे नाव ‘४० सेंटिमीटरची तोफ’ असे करण्यात आले. ‘मुत्सु’ मोडीत काढण्याची मागणी जपानने धुडकावली आणि त्या बदल्यात अमेरिकेला ‘कोलोरॅडो’ व ‘वेस्ट व्हर्जिनिया’ पूर्ण करण्याची, तर ब्रिटनला दोन नव्या नौका बांधण्याची मुभा मिळाली. यांतल्या ‘वेस्ट व्हर्जिनिया’चे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे.

कराराने व्यास गोठवला, तेव्हा कल्पकता गोळ्याकडे वळली. करारामुळे अर्धवट राहिलेली ‘तोसा’ ही युद्धनौका १९२४ मध्ये प्रयोगासाठी लक्ष्य म्हणून वापरली जात असताना एक गोळा तिच्या सुमारे २५ मीटर अलीकडे पाण्यात पडला, पाण्याखालून पुढे सरकला आणि चिलखताच्या पट्ट्याखाली, जेथे नौका सर्वांत नाजूक असते, तेथे शिरून फुटला. जहाजात सुमारे ३,००० टन पाणी भरले. चुकलेल्या नेमालाही फळ देणाऱ्या या योगायोगावर जपानी तज्ज्ञांनी एक सबंध सिद्धांत उभारला. १९३१ च्या ‘९१ प्रकार’ गोळ्याचे टोकदार पातळ टोपण पाण्यावर आदळताच निखळून पडे आणि उरलेला सपाट नाकाचा गोळा पाण्याखाली सरळ मार्गाने धावत राही. त्याला पाण्यातून जहाजाच्या पोटात शिरेपर्यंत वेळ मिळावा म्हणून फ्यूजचा विलंब सेकंदाच्या चार दशांशांपर्यंत वाढवला गेला. हा विलंब नेहमीच्या चिलखतभेदी गोळ्याच्या मानाने फारच मोठा होता. ऑक्टोबर १९४२ मध्ये केप एस्परन्सच्या लढाईत ‘बॉइसी’ या अमेरिकन क्रूझरला असाच पाण्याखालून आलेला गोळा लागला, म्हणजे कल्पना निराधार नव्हती. पण पाण्याखालच्या एखाद्या अचूक तडाख्यासाठी पाण्यावरच्या प्रत्येक तडाख्याची किंमत मोजली जात होती, याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही.

डिसेंबर १९३४ मध्ये जपानने वॉशिंग्टन करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली आणि ४६ सेंटिमीटरची कल्पना पुन्हा वर आली. तिच्यामागचा तर्क धूर्त होता. पनामा कालव्याच्या जलपाशांची रुंदी ११० फूट असल्याने अमेरिकेच्या युद्धनौकांना तेवढ्या रुंदीच्या आतच राहावे लागे आणि इतक्या अरुंद नौकेवर एवढ्या तोफा व त्यांना साजेसे चिलखत मावणार नव्हते. अमेरिकेने कालव्याचा नाद सोडून रुंद नौका बांधायचे ठरवले तरी त्यात काही वर्षे जाणारच. संख्येत आपण कायम मागे राहणार, तेव्हा शत्रूच्या पल्ल्याबाहेर उभे राहून त्याला आधी टिपायचे, हा जपानी नौदलाचा ध्यास होता. ‘फुसो’ व ‘यामाशिरो’ या जपानी युद्धनौकांवर मजल्यावर मजले चढवून उभारलेले मनोरे ज्यांनी छायाचित्रांत पाहिले असतील त्यांना या ध्यासाचे दृश्य रूप ठाऊक आहे, कारण लांबवर मारायचे तर आधी लांबवर पाहिले पाहिजे.

या ध्यासातून ४६ सेंटिमीटरच्या तोफांच्या दोन युद्धनौका साकारल्या : ‘यामातो’ ४ नोव्हेंबर १९३७ रोजी कुरे येथे व ‘मुसाशी’ मार्च १९३८ मध्ये नागासाकी येथे बांधायला घेतली गेली. त्यांच्या तोफेचे अधिकृत नाव ‘९४ प्रकार ४० सेंटिमीटर तोफ’ असे होते. ९४ हा आकडा जपानी राजवंशाच्या पारंपरिक कालगणनेतील २५९४ व्या, म्हणजे १९३४ या, वर्षाचा निदर्शक होता आणि ४० हा आकडा शुद्ध थाप होती. नागासाकीत ‘मुसाशी’ झाकण्यासाठी ताडवर्गीय झाडांच्या तंतूंच्या दोरांचे अजस्र पडदे टांगले गेले आणि कुरेहून तिच्या तोफा व बुरुजांचे भाग नेण्यासाठी ‘काशिनो’ नावाचे खास जहाज बांधावे लागले. हे गुपित इतके कडेकोट राहिले की अमेरिकन नौदल युद्धाच्या बहुतेक काळात या तोफा १६ इंचीच समजत होते.

एका तोफेचे वजन सुमारे १६५ टन आणि लांबी २१ मीटर. तीन तोफांचा एक फिरता बुरूज, ज्याला टरेट म्हणतात, सुमारे अडीच हजार टनांचा होता, म्हणजे त्या काळच्या एका सबंध विनाशिकेपेक्षा जड; आणि असे तीन बुरूज एका नौकेवर होते. चिलखतभेदी गोळा १,४६० किलोग्रॅमचा, पुरुषभर उंचीचा. त्यात स्फोटक अवघे ३४ किलोग्रॅमच्या आसपास, बाकी सारे पोलाद, कारण त्याचे पहिले काम फुटण्याचे नसून चिलखत फोडून आत शिरण्याचे होते. गोळे बुरुजाच्या पोटात उभे रचलेले असत आणि यांत्रिक पकडींनी सरकत सरकत उच्चालकापर्यंत येत. भरण्यासाठी नळी तीन अंशांच्या कोनावर खाली आणावी लागे. मग मागची ब्रीच, म्हणजे नळीचा आट्यांनी घट्ट बसणारा दरवाजा, उघडून आधी गोळा आणि त्यामागे दारूच्या प्रत्येकी ५५ किलोग्रॅमच्या सहा थैल्या आत रेटल्या जात, दरवाजा बंद होई आणि नळी पुन्हा नेमाच्या कोनावर चढे. मिनिटाला दीड ते दोन गोळे हा या साऱ्या कसरतीचा उत्तम वेग. तोंडातून निघणारा हवेचा धक्का इतका जबर होता की जहाजाच्या होड्या उघड्या डेकवर ठेवण्याची सोय नव्हती, त्या आत बंदिस्त जागी ठेवाव्या लागत. शेजारशेजारच्या गोळ्यांनी हवेत एकमेकांची वाट बिघडवू नये म्हणून मधल्या तोफेचा बार सेकंदाच्या अंशभर उशिरा काढला जाई.

कमाल पल्ला ४२ किलोमीटर. तेवढे अंतर कापायला गोळ्याला दीड मिनिटाहून अधिक वेळ लागे. २५ नॉट वेगाने चाललेले जहाज तेवढ्या वेळात किलोमीटरभराहून पुढे सरकलेले असते, म्हणजे तोफ जेथे रोखायची तेथे बार काढण्याच्या क्षणी काहीच नसते. निप्पोन कोगाकू या कंपनीने, जिच्या निकॉन कॅमेऱ्यांची पुढे जगभर ख्याती झाली, ‘यामातो’साठी १५ मीटर रुंदीची अंतरमापक यंत्रे बनवली आणि दृश्य प्रकाशावर चालणारी त्याहून सरस यंत्रे त्या काळी क्वचितच असतील. प्रश्न एवढाच होता की प्रकाश नसेल, धूर असेल, पाऊस असेल तर ती आंधळी होत.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरील हल्ल्यात ‘ॲरिझोना’ ही अमेरिकन युद्धनौका ज्या बॉम्बने उडाली, तो जपानी कारागिरांनी ४१ सेंटिमीटरच्या चिलखतभेदी गोळ्यालाच पंख जोडून केलेला होता. ‘नागातो’च्या गोळ्याला सर्वांत मोठे यश विमानातून टाकल्यावर मिळाले. ‘यामातो’ नौदलात दाखल झाली ती त्यानंतर आठवडा उलटल्यावर, १६ डिसेंबरला. ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘कोंगो’ व ‘हारुना’ यांनी एका रात्रीत ग्वादलकॅनाल बेटावरील अमेरिकन विमानतळावर १४ इंची नऊशेहून अधिक गोळे ओतून तो उद्ध्वस्तप्राय केला, त्यांत विमानांवर डागण्यासाठी बनवलेले, शेकडो जळत्या नळकांड्या विखुरणारे गोळेही होते. मोठ्या जपानी तोफांची युद्धातली सर्वांत परिणामकारक रात्र बहुधा तीच.

२५ ऑक्टोबर १९४४ च्या पहाटे सुरिगाओ सामुद्रधुनीच्या काळोखात ‘वेस्ट व्हर्जिनिया’ने रडारच्या साह्याने सुमारे २१ किलोमीटरवरून ‘यामाशिरो’वर तोफा डागल्या आणि पहिल्याच सरबत्तीत नेम साधला, ‘यामाशिरो’ला समोर फक्त ज्वाळांचे लखलखाट दिसत होते. त्याच सकाळी सामार बेटाजवळ ‘यामातो’ने शत्रूच्या जहाजांवर प्रथमच ४६ सेंटिमीटरच्या तोफा चालवल्या. अंतर सुमारे ३२ किलोमीटर होते आणि जवळ पडलेल्या गोळ्यांनी ‘व्हाइट प्लेन्स’ ही छोटी विमानवाहू नौका हादरली. पण समोर आलेल्या नौकांना चिलखतच नव्हते आणि लांबणीच्या फ्यूजचे अनेक जपानी गोळे एका बाजूने शिरून, न फुटता, दुसऱ्या बाजूने समुद्रात गेले. पावसाच्या सरी व धुराचे पडदे यांनी उरलेले काम केले. ‘मुसाशी’ आदल्याच दिवशी विमानांच्या हल्ल्यात बुडाली होती आणि ७ एप्रिल १९४५ रोजी ‘यामातो’ही तशीच बुडाली. ज्या प्रतिस्पर्ध्यासाठी या तोफा घडवल्या, ती अमेरिकन युद्धनौका त्यांच्या पल्ल्यात कधीच आली नाही.

कुरे येथील यामातो संग्रहालयाच्या बाहेर समुद्रातून वर काढलेली ‘मुत्सु’ची ४१ सेंटिमीटरची नळी ठेवलेली आहे. अलीकडे लोकवर्गणीतून आणखी एक वस्तू तेथे आणली गेली : ४६ सेंटिमीटरच्या नळ्या कातण्यासाठी जर्मनीहून मागवलेला अजस्र लेथ. युद्ध संपल्यावर तो भंगारात गेला नाही; एका खासगी कारखान्यात कित्येक दशके तो व्यापारी जहाजांच्या इंजिनांचे दांडे कातत राहिला आणि २०१३ पर्यंत चालू होता.